घरटी एक माणूस

बुधवार, ८ जुलै १९३६

आज खाडीकाठच्या खारीत, म्हणजे बांधाआतल्या शेतांत, भरतीचे पाणी शिरले. भागोजीची नुकतीच लावलेली दोन शेते गेली. उघाडीच्या फळ्या वेळेवर बसल्या नाहीत. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधाच्या पोटात ठेवलेला फळ्यांचा दरवाजा. ओहोटीला फळ्या काढून शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि भरती चढायच्या आत त्या पुन्हा बसवायच्या. (हे मी कोणासाठी लिहिले? गावातले शेंबडे पोरही हे जाणते. पण मास्तरकीची खोड, व्याख्या दिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही.)

उघाडी सांभाळतो माझा थोरला भाऊ येसाजी. आमच्या बापानंतर बावीस वर्षे तोच. भरती त्याच्या आधी उघाडीवर पोचल्याचे आजवर कोणी पाहिले नव्हते. आजही तो तिथेच होता. भागोजी म्हणतो, फळी मांडीवर घेऊन बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, हाक मारली तर तोंडातून धड शब्द नाही. "मास्तर, तुमचा भाऊ पिऊन तर्र होता. भर दुपारी."

शाळा सुटल्यावर दादाकडे गेलो. ओटीवर आडवा होता. डावी पापणी खाली आलेली. मला पाहून हसला, पण ते हसू नव्हते, नुसते दात दिसले. दारूच्या वासाचे म्हणाल तर मी तेवढा जवळ गेलो नाही.

गुरुवार, ९ जुलै

सकाळी सातला दादा दारात हजर. उघाडीवर मिळालेली चिवणी घेऊन आला होता, पावसाळ्यात नेहमी आणतो तशी. डोळे लख्ख, बोलणे खणखणीत. कालचा तो हाच का, असे वाटावे.

म्हणाला, "तुळशा, काल हात उचललाच न्हाय. फळी धरलेली दिसत व्हती, पन हात माझा नव्हता."

मी म्हटले, "दादा, दारू सोड."

त्याने माझ्याकडे पाहिले, मासळी नीराच्या हातात दिली आणि गेला. नीरा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बायकोला दिराचा पुळका फार.

रविवार, १२ जुलै

जोळाची सभा झाली. जोळ म्हणजे ज्यांची ज्यांची शेते बांधाच्या आत आहेत त्या सगळ्या घरांची पंचायत. बांध त्यांचा, उघाडी त्यांची. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडून पाणी आत आले, की घरटी एक माणूस चिखल टाकायला आलाच पाहिजे. मग घरात लग्न असो की मयत. हा कायदा सरकारच्याही आधीचा. मला तो लागू नसावा, निदान मला आजवर कोणी बोलावलेले नाही. शिकलेल्या माणसाची गाव एवढी कदर करतो.

सभा रिवाजाप्रमाणे दिवेलागणीला, देवळात. दादा बोलायला उभा राहिला. पहिली दोन वाक्ये ठीक गेली, मग शब्द नाकातून यायला लागले. पुढे नुसते हुंकार. मान पुढे कलली. पोरे फिदीफिदी हसली. भागोजी जोळाचा पंच, तो म्हणाला, "अजून काय बघायचं ऱ्हायलं?"

मला भयंकर लाज वाटली. मी उठलो आणि सभेत म्हणालो, "माझ्या भावाकडून व्यसनापायी कसूर झाली. त्याच्या वतीने मी माफी मागतो."

दादाने खाली गेलेली मान हाताने हनुवटी धरून वर केली आणि माझ्याकडे पाहिले. काही बोलला नाही. बोलू शकत नव्हता की बोलायचे नव्हते, मला माहीत नाही.

ठरले असे की दोन आठवड्यांनी, रविवारी २६ तारखेला, निकाल करायचा. नारळी पुनवेच्या उधाणाआधी उघाडी भागोजीच्या पुतण्याकडे, सदाकडे, जाणार. आमच्या बापाच्या हातची उघाडी दारुड्याची म्हणून काढून घेतली जाणार. आज जेवण गेले नाही.

सोमवार, १३ जुलै

जनीवहिनी शाळेच्या पायरीवर येऊन उभी राहिली. आत यायला सांगितले तर आली नाही.

"भावजी, सभेत माफी कसली मागितलीत? तोंडाचा वास घेतला व्हता?"

मी हातातला खडू खिशात टाकला.

"वीस वर्सं मी त्या मानसाच्या बाजूला झोपते. थेंब न्हाय. सांच्याला भाताचा घास चावताना एका हाताने जबडा वर ढकलतो, त्ये बगितलंय तुमी? मी भात पातळ करून घालते. पोरांना वाटतं बाबा नकला करतो, म्हनून ती हसतात. त्यो बी हसतो."

मग म्हणाली, "तुमी शिकलेले. तुमच्या दादानेच शिकवलं. आता त्याच्या कामी या."

हे शेवटचे वाक्य तिने फार हळू उच्चारले. ओरडली असती तर बरे झाले असते.

मंगळवार, १४ जुलै

रात्री विचार केला. आत मुरलेला हिवताप असावा. टपालाची पेटी माझ्याकडेच, तीत हिवतापावरच्या सरकारी कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या असतात. दादाला जाऊन चार पुड्या दिल्या आणि समोर एक घ्यायला लावली. भावाच्या कामी आल्याचे समाधान वाटले.

बुधवार, १५ जुलै

दादाला आज दुपारीच गिळता येईना. पेज नाकातून बाहेर आली. खोकायलाही जोर नाही, तोंड काळेनिळे पडले. वहिनीने पालथा धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा श्वास आला. मी दारातच उभा राहिलो.

ताप आतून जोर करतो आहे असे दिसते. उरलेल्या पुड्याही वेळेवर द्यायला सांगून आलो.

शुक्रवार, १७ जुलै

पुन्हा तसेच, काल आणि आजही. वहिनीने उरलेली पुडी चुलीत टाकली. मी रागावलो. म्हटले, औषधाला वेळ द्यावा लागतो.

"भावजी, तुमी रोज वहीत लिवता ना?"

"लिहितो."

"मग वाचता का कवा?"

अक्षरशत्रू बाई मला हे सांगते! घरी येऊन वही काढली, तपासनीस साहेब मुलांच्या वह्या पाहतात तशी पाहिली. बुधवार, दुपार. गुरुवार सकाळ, खणखणीत. रविवार, दिवेलागण. सगळे वाईट दुपारनंतरचे आहे आणि सगळे चांगले सकाळचे. पिणारा माणूस रोज सूर्याबरोबर असा हिशेबाने चढत-उतरत नाही. आणि कोयनेल दिले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पेज नाकातून आली आहे. माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे.

मी मुलांना सांगतो, लिहिलेले एकदा वाचून पाहावे. मला शून्य गुण.

शनिवार, १८ जुलै

आषाढी अवस. गावात आज पायावर उभा असलेला पुरुष शोधून सापडायचा नाही. भागोजी स्वतः देवळाच्या पायरीवर बसून कुंपणाशी गप्पा मारत होता. अख्ख्या गावात शुद्धीत दोघे, मी आणि दादा. आणि संध्याकाळी झिंगलेला दिसत होता तो दादाच.

उद्या किहीमला जायचे. तिथे डॉक्टर करमअली राहतात. तीस वर्षे बोटीवर आणि मुंबईला दवाखान्यात नोकरी करून आता नारळीच्या वाडीत निवृत्त झाले आहेत. एका शेजाऱ्याने बैलगाडी द्यायचे कबूल केले.

रविवार, १९ जुलै

पहाटे निघालो, नऊला किहीमला पोचलो. वाटेत दादा बैलांना हाकत होता, गाणे म्हणत होता. माझा जीव टांगणीला लागलेला. डॉक्टरसमोर हा असाच धडधाकट उभा राहिला तर मी काय दाखवू?

तसेच झाले. डॉक्टरांनी नाडी, छाती, जीभ पाहिली. "मास्तर, तुमचे बंधू तर माशाल्ला माझ्याहून तगडे आहेत."

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. कोयनेलचे पान दोनदा वाचले. मग दादाला म्हणाले, "येसाजीभाई, आकडे मोजता येतात? मोठ्याने मोजा. मी थांबा म्हणेपर्यंत."

दादा विसांनी मोजतो, बाजारात मोजतात तसे. एक वीस झाले. दोन विसांपर्यंत आवाज घुमत होता. तीन विसांना शब्द नाकात शिरले. चार विसा झाले तेव्हा नुसते ओठ हलत होते. डॉक्टरांनी वाशांकडे एकटक बघायला सांगितले. दोन्ही पापण्या हळूहळू उतरल्या. सकाळी साडेनऊला, माझ्या डोळ्यांदेखत, माझा भाऊ गेल्या रविवारच्या सभेतला दारुडा झाला.

मग त्याला खाटेवर निजवले. थोड्या वेळाने उठून त्याने स्वच्छ आवाजात विचारले, "बैलांना पानी दावलं का?"

डॉक्टर मला म्हणाले, "नशा अशी दहा मिनिटं पडून उतरत नाही, मास्तर."

रोगाला मायस्थेनिया म्हणतात. फार थोड्यांना होतो, त्यांनी उभ्या आयुष्यात दोन पाहिले. डोके शाबूत, अंग शाबूत, पण स्नायू वापरले की ताकद आटते आणि विसाव्याने थोडी परत येते. मी विचारले, बरा होतो का? विलायतेत दोन वर्षांपूर्वी एक सुई निघाली आहे, तिचा असर काही तासच टिकतो, मुंबईला मिळते का ते पत्राने विचारतो, म्हणाले. दादाने ऐकू नये म्हणून मला वाडीत नेले. "भीती हातापायांची नाही. गिळण्याची आणि दमाची आहे. कोयनेल पुन्हा देऊ नका. तुमच्या वहीत काय झालंय ते लिहिलेलंच आहे. काम सोडवू नका, पण दुपारनंतर त्याच्याकडे ताकद मागू नका. हा सकाळचा माणूस आहे."

परतताना बैल मी हाकले. वाईट हाकले. दादा मागे पडून होता, एकदाही हसला नाही, म्हणजे हसला असेल तरी मला कळले नसते.

बुधवार, २२ जुलै

तीन दिवस घरोघर हिंडतो आहे. रविवारची सभा सकाळी ठेवा, एवढेच मागणे. सकाळी दादा स्वतः बोलू शकेल. लोक ओटीवर बसवतात, चहा देतात आणि लावणीचे दिवस आहेत म्हणतात. लावणीत सकाळ मागणे म्हणजे तोंडातला घास मागणे. बायजाकाकी एकटी म्हणाली, "माझी सकाळ घ्या. येसाजीने माझ्या घरचा चिखल किती वेळा टाकलाय." बाकी घरे एकमेकांकडे बोट दाखवतात.

शेवटी भागोजीकडे गेलो. रोगाचे नाव सांगितले, आकड्यांची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"सकाळी कोनीबी शुद्धीवर असतो, मास्तर. मी बी असतो. त्याने काय सिद्ध व्हतं?"

तीन दिवस मी जे मागत फिरलो ते मिळाले असते तरी फुकट होते. उठलो, अंगणात आलो आणि चिडून बोलून गेलो, "मग एक दिवस उजाडल्यापासून त्याच्याबरोबर राहा. त्याच्या ताटात जेवा, त्याच्या तांब्यातले पाणी प्या. दारू कुठून शिरते ते तुम्हीच शोधा."

भागोजी म्हणाला, "शनवारी येतो."

आता भीती वाटते. शनिवारी दादा नेमका सबंध दिवस बरा राहिला तर? भावाला बरे वाटू नये अशी इच्छा करणारा मी पहिलाच असेन.

शनिवार, २५ जुलै

सकाळची शाळा अकराला सोडून धावत बांधावर गेलो.

भागोजी उजाडताच आला होता. दादाने त्याला बसू दिले नाही, बरोबर लावणीला उभे केले. दोघांनी एका ताटात भाकरी खाल्ली. मी गेलो तेव्हा भागोजी दमून बांधावर बसला होता आणि दादा त्याला चिडवत होता, "काय रं, पंच झालास तर कंबर बी पंचांची झाली काय?" मला वाटले, आज काहीच होणार नाही.

भरती पाच-सव्वापाचची. अडीचच्या सुमारास पाणी उघाडीशी चढायला लागले. पाच फळ्या, एकावर एक बसवायच्या. दादाने पहिली बसवली, दुसरी बसवली. तिसरी उचलली आणि तिथेच थांबला. डावी पापणी उतरली, मग उजवी. फळी हातातून सुटली नाही, हातच तिच्याबरोबर खाली आले. भागोजी ओरडला, "येसाजी, पानी आलं!" दादाने काही सांगायला तोंड उघडले, सगळे नाकात गेले.

मी पुढे झालो नाही, कारण फळी कशी बसते हे मला ठाऊकच नाही. भागोजीने उडी घेतली, छातीभर पाण्यात उरलेल्या तिन्ही फळ्या ठोकल्या. मग वर येऊन धापा टाकत दादासमोर बसला. त्याचा हात हातात घेतला, सोडला. पुन्हा उचलला, सोडला. हात ओल्या फडक्यासारखा पडत होता. मग त्याने नाक दादाच्या तोंडाशी नेले आणि चांगला वास घेतला.

सतरा दिवसांपूर्वी एवढेच मी करायला हवे होते.

भागोजी तसाच ओला घरी गेला. मी हाक मारली, त्याने वळून पाहिले नाही.

रविवार, २६ जुलै

सभा रिवाजाप्रमाणे दिवेलागणीलाच. दादा आला, खांबाला टेकून बसला, बोलण्यात अर्थ नव्हता. मी चार पाने लिहून नेली होती. उभा राहिलो तर भागोजी म्हणाला, "मास्तर, बसा. तुमी आधी एकदा बोललाय."

मी बसलो. वहिनी बायकांत उभी होती, तिच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही.

भागोजी बोलला ते जसेच्या तसे लिहितो. "माझी दोन शेतं गेली. ती मी इसरनार न्हाय. पन काल मी याच्या ताटात जेवलो. हा प्यालेला नव्हता. हा दमलेला बी नव्हता. याचा हात कुनीतरी आतून काढून घेत व्हतं आनी हा बगत बसला व्हता. मी असतो तर रडलो असतो."

कोणी हसले नाही. सदा म्हणाला, "मग उघाडीचं काय? दुपारच्या भरतीला फळ्या कोन टाकनार?"

"बांधाला खांड गेली तर काय करतो आपन?" भागोजीने विचारले.

"घरटी मानूस," चारपाच जण म्हणाले.

"मग? बांध राखनाऱ्याला खांड गेलीया. सकाळची भरती येसाजीची. दुपारनंतरची घरटी एक मानूस, पाळीने. येसाजी बाजूला बसंल, नजर ठेवंल. ज्याला मंजूर न्हाय त्याने उभं ऱ्हावं."

कोणी उभे राहिले नाही. बायजाकाकीने पहिली पाळी आपल्या लेकाची सांगितली. मग घरे बोलत गेली, भागोजी बोटांवर मोजत गेला. माझ्यापाशी येऊन थांबला.

"मास्तरांच्या घराचा मानूस बारा वर्सं येसाजीच भरतोय. सोताचा बी आनी यांचा बी. मास्तरांना सांगू नका, म्हनायचा, त्यांना शाळा असते. आता त्यो भरू शकत न्हाय."

कदर! मी या वहीत लिहिले होते की गाव माझी कदर करतो.

"लिहा," मी म्हटले. खरे तर लिहिणारा मीच होतो. माझेच नाव माझ्याच हाताने यादीत शेवटी लिहिले, तुळशीराम, रविवार ९ ऑगस्ट.

रविवार, ९ ऑगस्ट

नारळी पुनवेचे उधाण बांधाने झेलले. डॉक्टरांचे पत्र आले, मुंबईहून अजून उत्तर नाही. दादाचे गिळणे तसेच आहे. वहिनी आता संध्याकाळचे जेवण उन्हे असतानाच, निजवून उठवल्यावर, घालते. तेवढे गळ्याखाली उतरते.

आज पाळी माझ्या घराची. धोतर खोचून उघाडीत उतरलो. बांधावर बघे जमले होते, माझे विद्यार्थीच जास्त. दादा काठावर बसला होता, हात मांडीवर टाकलेले, बोलणे केव्हाच गेलेले. एका बोटाने पापणी वर धरून तो माझ्याकडे पाहत होता. मी फळी बसवली की मान हलवायचा. नाही. काढ. पुन्हा. पहिली फळी तीनदा. पाणी कमरेला आले, हाताची सालटी निघाली, भरती कोणाची वाट पाहत नाही. पाचवी बसली तेव्हा पाणी माझ्या गळ्याशी होते.

वर येऊन त्याच्या शेजारी बसलो. पोरे पांगली होती. मी म्हटले, "दादा, सभेत मी बोललो ते... मी वास घेतला नव्हता. कोयनेलही मीच दिले. मी तुला मारलेच होते." आणि मला रडू आले, मास्तर असूनही.

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडले. काहीच आले नाही. मग हात उचलायला गेला, तोही आला नाही. आम्ही दोघे पाणी फळ्यांवर चढताना बघत बसलो. त्याला काय म्हणायचे होते ते कळायला आता सकाळ व्हायला हवी. सकाळ होईलच याची खात्री पूर्वीसारखी राहिलेली नाही.

सोमवार, १० ऑगस्ट

पाचपासून दारात बसलो होतो. सातला दादा आला. हातात चिवणी.

म्हणाला, "काल तू बोललास त्याचं उत्तर ऱ्हायलं."

मी उभा राहिलो.

"सभेतलं मी त्याच राती सोडलं व्हतं. कोयनेलचं बी सोडलं. पन चौथी फळी उलटी बसवलीस, त्ये सोडनार न्हाय. पहाटे मी सरळ केली. आज दुपारी परत ये, हात चालतात तवर दावतो."

पाळी आज दुसऱ्या घराची आहे. तरी पोरांना दुपारी लवकर सोडणार आहे.